खुळखुळ्यावरचा पतंग

१. पतंग, आणि भर दुपारी?

पावसाळा ओसरल्यावर माळावर फिरणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. गवतातून चालताना पायाजवळून पांढुरके, फुलपाखरासारखे काहीतरी उठते, चार-सहा हात उडते आणि पुन्हा गवतात बसते. जवळ जाऊन पाहावे तर पांढऱ्या पंखांवर लाल आणि काळे ठिपके. मग विचारणारा विचारतो, "हे कोणते फुलपाखरू?" ते फुलपाखरू नाही, पतंग आहे, असे सांगितले की त्याचा विश्वास बसत नाही. पतंग रात्री दिव्यावर येतात, मग हा दिवसा कसा उडतो? पतंग मातकट, झाडाच्या सालीत मिसळून जाणारे असतात, मग हा एवढा उठून का दिसतो?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते त्याच माळावर उगवणाऱ्या एका वनस्पतीपाशी नेते. पण आधी ओळख पटवू.

फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, या पतंगाच्या मिशा मात्र दोऱ्यासारख्या बारीक आणि बिनगाठीच्या. बसताना फुलपाखरे बहुधा पंख पाठीवर उभे मिटतात. हा पतंग पंख अंगाभोवती गुंडाळून घेतो, त्यामुळे गवताच्या काडीवर बसला की बारीक, लांबट दिसतो. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन ते चार सेंटीमीटर. पुढचे पंख मलईसारख्या रंगाचे, त्यांवर लाल ठिपक्यांच्या आणि बारीक काळ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी. मागचे पंख पांढरे, त्यांच्या कडेला वेडीवाकडी काळी किनार. उडताना आपल्याला दिसते ते हे मागच्या पंखांचे पांढरेपण.

त्याचे शास्त्रीय नाव युटेथेसा पुल्केला. कार्ल लिनिअसने 1758 साली ते नोंदवले. टायगर मॉथ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगीत पतंगांच्या गटातला हा आहे. आफ्रिका, दक्षिण युरोप, मध्य आशिया आणि भारत एवढा त्याचा पसारा. उबदार वाऱ्याच्या साथीने तो उत्तरेकडे इंग्लंडपर्यंतही जाऊन पोहोचतो, मात्र तिथल्या थंडीत टिकत नाही. भारतात त्याच्या युटेथेसा लोट्रिक्स आणि युटेथेसा पुल्केलॉइडिस या अगदी जवळच्या भाऊबंद जातीही आहेत. नुसत्या रूपावरून या तिघांना वेगळे करणे अनुभवी माणसालाही जड जाते. सवयी मात्र तिघांच्या मिळत्याजुळत्या, म्हणून या प्रकरणात मी सगळ्यांना मिळून 'ठिपक्यांचा पतंग' म्हणणार आहे.

२. अंड्यापासून पंखांपर्यंत

मादी गोलसर, फिकट अंडी पानांवर घालते. कुठल्याही पानांवर नाही. तिची पसंती ठरलेली असते: खुळखुळा, त्याचाच शेतातला भाऊ असलेला ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात, आणि ओसाड जागी, ओढ्याकाठी वाढणारी भुरुंडी. भुरुंडीचा फुलोरा टोकाशी वळलेला असतो, त्यावरून ती चटकन ओळखता येते. खुळखुळ्याला पिवळी किंवा निळसर फुले येतात आणि फुगीर शेंगा लागतात. शेंग वाळली की बिया आत सुट्या होतात.

अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला पाने कुरतडते. वाढली की ती अंगाने करडी-काळपट, पाठीवर पांढरा पट्टा, प्रत्येक वलयावर नारिंगी खूण आणि अंगभर विरळ केस अशी दिसू लागते. शेंगा भरू लागल्या की अळ्या पाने सोडून शेंगांकडे वळतात. शेंगेला गोल भोक पाडून आत शिरतात आणि कोवळ्या बिया खातात. पूर्ण वाढ झाली की अळी झाडावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात, मातीच्या फटीत विरळ धाग्यांचा कोश करून त्यात राहते. उष्ण हवेत हे सगळे चक्र महिना-सव्वा महिन्यात पुरे होते. खायला मिळत राहिले तर वर्षात एकामागून एक पिढ्या निघतात.

तागाचे बी धरणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी हीच अळी कीड आहे, कारण ती नेमके बीच खाते. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरणाऱ्याला तिचा फारसा उपद्रव होत नाही. तो पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत, पीक फुलावर येत असतानाच, जमिनीत गाडून टाकतो. शेंगा भरण्याची वेळच येत नाही.

इथवरची हकीकत कुठल्याही पतंगाची असावी तशी आहे. वेगळेपण सुरू होते ते अळी पाने सोडून बियांकडे का वळते या प्रश्नापासून. बियांत प्रथिने जास्त असतात हे खरेच. पण बियांत आणखीही एक गोष्ट पानांपेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि तिच्यासाठी या अळ्या आपसात झगडायलाही तयार असतात. ती गोष्ट म्हणजे विष.

३. झाडातले विष कुठून येते?

वनस्पती पळू शकत नाहीत. खाणाऱ्यांपासून वाचायला त्या काटे काढतात, चीक काढतात किंवा अंगात कडू, विषारी द्रव्ये बनवतात. अशा विषारी द्रव्यांचा एक मोठा गट म्हणजे अल्कलॉइड. चहा-कॉफीतले कॅफिन आणि तंबाखूतले निकोटिन याच गटातले. खुळखुळ्यात आणि भुरुंडीत जी अल्कलॉइड असतात त्यांना पायरोलिझिडिन अल्कलॉइड म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे नुसते 'अल्कलॉइड' म्हणू. खुळखुळ्याच्या काही जातींतील मुख्य अल्कलॉइडचे नाव मोनोक्रोटॅलिन.

खुळखुळा हे द्रव्य कुठे बनवतो याचा शोध अगदी अलीकडचा आहे. हरभरा, तूर, भुईमूग यांच्यासारखाच खुळखुळाही शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहून हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, हे शाळेत शिकवतात. जर्मन संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले की जिवाणूंचा शिरकाव होऊन गाठी तयार झाल्या तरच खुळखुळा अल्कलॉइड बनवतो. विष बनवण्याचे काम त्या गाठींतच चालते आणि तिथून ते पानांत, शेंगांत, बियांत जाते. मातीतल्या जिवाणूपासून पतंगाच्या पंखांपर्यंत जाणारी ही साखळी मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

हे विष किती गंभीर आहे याची साक्ष आपल्याच देशात आहे. 1970 च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आताच्या छत्तीसगडमधील, सरगुजा जिल्ह्यात यकृताच्या एका विचित्र आजाराची साथ आली. पोटात पाणी होऊन माणसे दगावू लागली. शोध घेतल्यावर कळले की त्यांच्या रोजच्या खाण्यातल्या गोंदली या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या एका रानटी जातीच्या बिया मिसळल्या गेल्या होत्या. त्या बियांतील अल्कलॉइडने यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत होत्या. चरणारी जनावरेही ही झाडे होता होईतो टाळतात. म्हणून चराईच्या माळावर गवत पार खुरटले तरी खुळखुळा ताठ उभा दिसतो.

४. मग अळी का मरत नाही?

याचे उत्तर समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. झाडात असलेले अल्कलॉइड त्या रूपात फारसे घातक नसते. आगपेटीतली काडी जशी ओढल्याशिवाय पेटत नाही, तसे हे द्रव्य आपल्या शरीरात 'ओढले' जाते तेव्हा पेटते. ते दोन टप्प्यांत घडते. पहिला टप्पा आतड्यात: झाडातले पाण्यात विरघळणारे, निरुपद्रवी रूप तिथे बदलते आणि दुसऱ्या रूपात आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरते. दुसरा टप्पा यकृतात: नको असलेली द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि नेमक्या त्याच प्रक्रियेतून अत्यंत दाहक पदार्थ तयार होतो. तो जिथे तयार होतो तिथल्याच पेशी जाळतो. म्हणून इजा मुख्यतः यकृताला.

टायगर मॉथच्या गटातल्या काही पतंगांच्या अळ्यांच्या रक्तात एक खास विकर, म्हणजे एन्झाइम, सापडले आहे. आतड्यातून अल्कलॉइड रक्तात उतरले रे उतरले की हे विकर त्याला पुन्हा निरुपद्रवी रूपात नेऊन ठेवते. काडी पेटूच दिली जात नाही. अळीच्या अंगात साठा वाढत राहतो, पण तिला स्वतःला त्याची झळ पोहोचत नाही. झळ पोहोचते ती तिला खाणाऱ्याला.

अळीने साठवलेले हे विष कोशात टिकते आणि पंख फुटल्यावर पतंगाच्या अंगातही तसेच राहते. म्हणजे पतंगाचे संरक्षण अळीपणी काय खाल्ले यावर ठरते.

५. कोळ्याने सोडून दिलेला घास

या पतंगाच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर, युटेथेसा ऑर्नाट्रिक्सवर, जगात सर्वांत बारकाईने काम झाले आहे. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइस्नर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी जेरोल्ड माइनवाल्ड यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही दशके या एका पतंगाचा पाठपुरावा केला. बरेचसे काम फ्लोरिडातल्या आर्चबोल्ड संशोधन केंद्रात झाले. तिथेही हा पतंग खुळखुळ्याच्याच जातींवर राहतो. पुढच्या प्रयोगांची माहिती त्या अमेरिकी जातीची आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

आइस्नर यांच्या लक्षात आलेली पहिली गोष्ट साधी होती. नेफिला नावाचा मोठा कोळी फ्लोरिडात जागोजागी सोनेरी जाळी विणतो. आपल्या सह्याद्रीच्या रानातही त्याचा भाऊबंद आढळतो. त्या जाळ्यात पतंग अडकला की कोळी धावत येतो आणि त्याला संपवतो. ठिपक्यांचा पतंग अडकला तेव्हाही कोळी धावत आला. त्याने पतंगाला चाचपले आणि मग एकेक धागा तोडून पतंगाला जाळ्यातून मोकळे केले. पतंग उडून गेला.

हे विषामुळेच घडते का, हे ठरवायचे कसे? प्रयोग असा रचला गेला. पतंगांचे दोन गट वाढवायचे. एका गटाच्या अळ्यांच्या आहारात खुळखुळ्याच्या बिया घालायच्या. दुसऱ्या गटाच्या अळ्यांना घेवड्याच्या दाण्यांपासून केलेला कृत्रिम आहार द्यायचा, ज्यात अल्कलॉइड अजिबात नाही. दोन्ही गटांतून निघणारे पतंग दिसायला सारखेच: तेच पंख, तेच ठिपके. मग दोन्ही प्रकारचे पतंग कोळ्याच्या जाळ्यात टाकायचे. खुळखुळ्यावर वाढलेले पतंग कोळ्यांनी सोडून दिले, घेवड्यावर वाढलेले खाल्ले. पुढे शुद्ध अल्कलॉइड कोळ्यांना आवडणाऱ्या दुसऱ्याच किड्यांच्या अंगाला लावून पाहिले, तेव्हा कोळ्यांनी तेही नाकारले. म्हणजे फरक रंगाचा नव्हता, वागण्याचाही नव्हता. केवळ त्या द्रव्याचा होता.

सुरुवातीच्या प्रश्नांचे उत्तर आता देता येते. अंगात विष आहे ते लपवून काय उपयोग? खाणाऱ्याने एकदा चव घेतली, त्याला त्रास झाला आणि त्याने ते रूप ध्यानात ठेवले, तरच पुढच्या पतंगाचा जीव वाचतो. ध्यानात राहण्यासाठी रूप ठळक हवे आणि दिसण्याजोग्या वेळी दिसायला हवे. म्हणून पांढऱ्यावर लाल-काळे ठिपके आणि म्हणूनच भर उन्हात निर्धास्त उडणे. मातकट पतंगाला पक्ष्यांच्या नजरेतून निसटण्यासाठी दिवस स्तब्ध बसून काढावा लागतो, याला तशी गरज नाही. रात्रीही तो फिरतो आणि दिव्यावरही येतो.

चिमटीत धरला तर अमेरिकी पतंग मानेजवळून फेसाचे बुडबुडे काढतो. त्या फेसात त्याचे रक्त आणि अल्कलॉइड मिसळलेले असते. चाखणाऱ्याला तेवढी चुणूक पुरते.

६. अंधारातला कामगंध

कापूस किंवा हरभरा करणाऱ्या शेतकऱ्याला कामगंध सापळे माहीत असतात. मादी पतंगाच्या अंगातून निघणारा गंध कृत्रिम रीतीने बनवून सापळ्यात ठेवतात आणि नर त्या गंधामागे येऊन अडकतात. बहुतेक पतंगांत हाच क्रम: मादी बसून गंध सोडते, नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत तिच्यापर्यंत येतो.

ठिपक्यांच्या पतंगाची मादीही सूर्यास्तानंतर असाच गंध सोडते, पण सलग नाही. विल्यम कॉनर आणि सहकाऱ्यांनी 1980 साली दाखवले की ती तो ठोक्याठोक्याने सोडते, सेकंदाला साधारण दीड ठोका. या लयीमुळे जवळ आलेल्या नराला मादीचा नेमका ठाव घेणे सोपे जात असावे, असा त्यांचा अंदाज होता.

खरी गंमत नर पोहोचल्यावर सुरू होते. नराच्या पोटाच्या टोकाशी केसांचे दोन झुपके आत दुमडलेले असतात. मादीजवळ आला की तो ते बाहेर काढून तिच्या अंगावर फिरवतो. त्या झुपक्यांना स्वतःचा गंध असतो. त्यातील द्रव्याचे नाव हायड्रॉक्सिडॅनैडल, आणि ते नर अळीपणी खाल्लेल्या अल्कलॉइडपासूनच बनवतो. विशेष म्हणजे हे द्रव्य युटेथेसाच्या नरांत प्रथम सापडले ते आपल्याकडच्या जातींत, लोट्रिक्स आणि पुल्केलॉइडिसमध्ये. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी ते 1972 मध्ये नोंदवले.

घेवड्यावर वाढलेल्या नराला हा गंध बनवता येत नाही, कारण त्याच्याकडे कच्चा मालच नाही. अशा नराला माद्या बहुधा नाकारतात. ज्याच्या अंगात अल्कलॉइडचा साठा जास्त, त्याचा गंधही जास्त. म्हणजे अंधारात, डोळ्यांनी काही दिसत नसताना, मादीला समोरच्या नराजवळ किती विष आहे याचा अंदाज घेता येतो.

पण तिला त्याचे काय? विष नराच्या अंगात, वाचणार नर. मादीने त्याची चौकशी का करावी?

७. दोन वाटे आईचे, एक बापाचा

मीलनाच्या वेळी नर मादीच्या शरीरात केवळ शुक्राणू सोडत नाही. तो एक भरीव पुडी देतो. शास्त्रीय भाषेत तिला स्पर्मॅटोफोर म्हणतात. तिच्यात शुक्राणूंबरोबर पोषक द्रव्ये असतात, आणि अल्कलॉइडही असते. या पुडीचे वजन नराच्या वजनाच्या सरासरी 11 टक्के भरते. माणसाच्या मापाने हिशेब केला तर 60 किलोच्या माणसाने साडेसहा किलोंहून जास्त देऊन टाकण्यासारखे. हे देणेघेणे चालायला कित्येक तास लागतात.

मादी हे अल्कलॉइड दोन कामांना लावते. पहिले, स्वतःच्या बचावाला. आइस्नर यांच्या गटाने विषाशिवाय वाढवलेल्या माद्यांचे विषधारी नरांशी मीलन होऊ दिले आणि मग त्यांना कोळ्यांपुढे ठेवले. कोळ्यांनी त्यांना नाकारले. हे संरक्षण मीलन संपताच लागू होत होते आणि पुढे टिकतही होते.

दुसरे काम अंड्यांचे. मादी आपल्या जवळचे आणि नराकडून मिळालेले अल्कलॉइड अंड्यांत घालते. मोजणी केली तेव्हा मोठा वाटा, ढोबळमानाने तीन भागांतील दोन भाग, आईचा आणि उरलेला बापाचा निघाला. समजा, एका अंड्यात विषाचे तीन कण आहेत, तर त्यांतले दोन आईने लहानपणी खाल्लेल्या बियांतून आलेले आणि एक बापाने खाल्लेल्या बियांतून. ढालकिडे, मुंग्या आणि शेतकरी ज्याला क्रायसोपा म्हणून ओळखतात त्या किड्याच्या अळ्या ही अंडी खायला टपलेल्या असतात. विषयुक्त अंड्यांच्या पुंजक्यातले एखाद-दुसरे अंडे चाखून क्रायसोपाची अळी पुढे निघून जाते, उरलेली अंडी वाचतात. विषाशिवायच्या अंड्यांचा मात्र ती फडशा पाडते.

आता मादीच्या चौकशीचा अर्थ लागतो. झुपक्यांचा गंध हुंगून ती तिच्या अंड्यांच्या वाट्याला काय येणार ते तपासत असते.

ती एकाच नरावर थांबतही नाही. तीन-चार आठवड्यांच्या आयुष्यात सरासरी चार-पाच नरांशी तिचे मीलन होते, काही माद्यांचे दहाहून जास्त. दर वेळी नवी पुडी, नवे अल्कलॉइड, नवे पोषण, आणि त्यामुळे घातल्या जाणाऱ्या अंड्यांची संख्याही वाढते. पण सगळ्या नरांच्या शुक्राणूंना ती सारखी संधी देत नाही. पिल्लांचे पितृत्व तपासले तेव्हा आढळले की आधी आलेला असो वा नंतर आलेला, जो नर अंगाने मोठा त्याचीच पिल्ले बहुसंख्य असतात. मादीला भूल दिली की हा निवाडा होत नाही. म्हणजे शुक्राणूंची ने-आण ती स्वतः करत असते. मोठा नर निवडण्याचा लाभ पुढच्या पिढीला होतो, कारण मोठ्या बापाची मुले-मुलीही अंगाने मोठी निघतात.

ही आवड मुलीकडे येते कुठून, याचाही शोध लागला आहे. माणसात लिंग ठरवणारी गुणसूत्रांची जोडी स्त्रीत एक्स-एक्स आणि पुरुषात एक्स-वाय असते. पतंगांत उलटे असते: नरात झेड-झेड आणि मादीत झेड-डब्ल्यू. डब्ल्यू आईकडून येते, म्हणून मुलीला मिळणारे एकुलते एक झेड बापाकडूनच मिळते. 2002 साली विक्रम अय्यंगार, केर्न रीव्ह आणि आइस्नर यांनी दाखवून दिले की मोठा नर निवडण्याची माद्यांची आवड या झेडवरून, म्हणजे बापाकडून उतरते. बापाला स्वतःला नर निवडायचा नसतो. त्याच्या अंगात ही आवड नुसती वाहून नेली जाते. नातीची निवड तिच्या आईपेक्षा बापाच्या आईशी जास्त जुळते.

८. कमी पडले तर भावंडेसुद्धा

एवढे सगळे एका द्रव्यावर अवलंबून असेल तर त्याची टंचाई किती महागात पडत असेल! झाडे थोडी, शेंगा थोड्या आणि अळ्या पुष्कळ, असे माळावर वारंवार होते. शेंगेत आधी शिरलेली अळी दुसरीला आत येऊ द्यायला राजी नसते. ज्यांना शेंग मिळत नाही त्यांना पानांतल्या तुटपुंज्या अल्कलॉइडवर भागवावे लागते.

अशा अळ्यांसमोर अंडी आली तर त्या ती खातात. आपल्याच जातीची, प्रसंगी आपल्याच भावंडांची. प्रयोगात अल्कलॉइडचा तुटवडा असलेल्या अळ्यांना विषयुक्त आणि बिनविषाची अंडी दोन्ही दिली, तेव्हा त्यांचा ओढा विषयुक्त अंड्यांकडे होता. कोशांचीही तीच गत. हे भुकेपोटीचे स्वजातिभक्षण वाटले तरी पोट भरणे हा त्यामागचा मुख्य हेतू नाही. त्यांना कोणाच्या तरी अंगात आधीच गोळा झालेला साठा हवा असतो.

पूर्ण वाढलेली अळी झाड सोडून दूर पाचोळ्यात का जाते, याचा उलगडाही यातून होतो. कोशात असताना तिला पळता येत नाही. खुळखुळ्यावरच राहिली तर तिच्या अंगातील साठ्यावर दुसऱ्या अळ्यांची नजर असतेच.

या विषाला मर्यादाही आहेत. अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या आहेत, अळ्यांच्या अंगात वाढणारे परजीवी कीटक आहेत. त्यांतल्या काहींना ते पचवता येते. त्यामुळे पतंगांची संख्या आटोक्यात राहते.

९. माळावर काय पाहावे

महाराष्ट्रात हा पतंग पाहायला घनदाट जंगल लागत नाही. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात माळ आहेत, त्यांच्या कडेने खुळखुळा आणि भुरुंडी दोन्ही असतात. पाऊस संपत आला की सप्टेंबर ते नोव्हेंबर हा चांगला काळ, कारण तेव्हा फुले आणि शेंगा एकाच वेळी मिळतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हे माळ सरकारी कागदांत वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणून नोंदले गेले. पडीक म्हटले की ती जमीन सुधारायची असते, म्हणजे नांगरायची, खड्डे घेऊन झाडे लावायची किंवा भूखंड पाडायचे. पण झाडांची सावली पडली की ऊन मागणारी गवते आणि खुळखुळा मागे हटतात, आणि त्यांच्यावर जगणारे सारे त्यांच्याबरोबर जाते. झाडे लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही मी म्हणेन, माळाला माळ राहू द्यावे. सोलापूरजवळचे नान्नज माळढोकाच्या निमित्ताने राखले गेले, पण प्रत्येक माळावर माळढोक नसतो. ठिपक्यांचा पतंग मात्र कितीतरी माळांवर असतो, आणि त्याच्या एका आयुष्यात मातीतला जिवाणू, झाड, कोळी, ढालकिडा आणि मुंगी यांची केवढी गुंतागुंत आहे ते आपण आताच पाहिले.

पाहायला गेलात तर आधी शेंगा तपासा. शेंगेवर स्वच्छ गोल भोक आणि त्याच्या आसपास विष्ठेचे बारीक दाणे असतील, तर आत शेंगा पोखरणारी अळी असण्याची शक्यता आहे. शेंगा पोखरणाऱ्या दुसऱ्या अळ्याही असतात, म्हणून पाठीवरचा पांढरा पट्टा आणि नारिंगी खुणा पाहूनच खात्री करा. सुकलेल्या भुरुंडीवर आणि खुळखुळ्यावर टायगर आणि क्रो जातींची फुलपाखरे गर्दी करून सोंड रोवताना दिसली, तर त्यांतले बहुतेक नर असतील. तेही हेच अल्कलॉइड गोळा करत असतात, कारण माद्यांना रिझवणारा गंध त्यांनाही त्यापासूनच बनवायचा असतो. फरक एवढाच की ते मोठेपणी पंखांनिशी येऊन ते घेतात. ठिपक्यांचा पतंग लहानपणीच बेगमी करून ठेवतो.

घरी अळ्या वाढवून पाहायच्या असतील तर प्रत्येक अळीला वेगळी डबी द्या. कारण आता तुम्हाला माहीत आहेच. पाने रोज ताजी घाला आणि जमल्यास एखादी भरलेली शेंग. डबीच्या तळाशी सुका पाचोळा ठेवा, म्हणजे कोश करायला तिला जागा राहील. शेंगा आणि बिया लहान मुलांच्या व जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाहीत अशा ठेवा, हाताळून झाल्यावर हात धुवा, आणि पतंग बाहेर आला की अळी जिथून आणली त्याच माळावर नेऊन सोडा.